वाचक विचारतात : इंग्लंडातल्या खेड्यात जाताना, राहताना

मुलगा-सून लंडनला असतात, असं सांगणाऱ्या घरांत आता वेगळं वाक्यही ऐकू येतं : 'लंडन नाही हो, तिथून दोन तासांवर एका खेड्यात.' गेल्या काही महिन्यांत या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत. पौंडांतले आकडे आणि नियम आजचे आहेत. निघण्यापूर्वी एकदा ताडून घ्यावेत.

आम्ही दोघंही पासष्टीच्या पुढचे. मुलगी मॉर्टन-इन-मार्शजवळच्या खेड्यात राहते. हीथ्रोला उतरल्यावर तिला घ्यायला येणं जमणार नाही. दोन मोठ्या बॅगा घेऊन ट्रेनने जाता येईल का? — दादर

येईल, आणि त्यासाठी लंडनात शिरायचीही गरज नाही. हीथ्रोहून रेडिंग स्टेशनला थेट बस जाते, तिचं नाव रेलएअर. वाटेत फारशी गर्दी नसेल तर ती तासाभरात पोहोचवते. मॉर्टनकडे जाणाऱ्या, लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून सुटणाऱ्या गाड्या रेडिंगला थांबतात. पॅडिंग्टनमार्गे गेलात तर दोन मोठ्या बॅगा घेऊन लंडनच्या गर्दीत गाडी बदलावी लागते.

तिकिटात लोक हमखास फसतात. 'ॲडव्हान्स' तिकीट सर्वांत स्वस्त दिसतं, पण ते त्या एकाच गाडीला चालतं. विमान दोन तास उशिरा आलं की पैसे गेले. विमानतळावरून पुढे जाताना 'ऑफ-पीक' घ्या. गर्दीची वेळ सोडून त्या दिवशीची कुठलीही गाडी चालते. सोमवार ते शुक्रवार गर्दीची वेळ साधारण सकाळी साडेनऊला संपते. परतीच्या प्रवासाला, वेळ नक्की असेल तेव्हा, 'ॲडव्हान्स' जरूर काढा. ती साधारण बारा आठवडे आधी विक्रीला येतात.

तुम्ही साठीच्या पुढचे आहात, म्हणून सीनियर रेलकार्ड घ्या. वर्षाला ३५ पौंड पडतात आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. ते फक्त तिथल्या रहिवाशांसाठी असतं हा समज चुकीचा आहे. पासपोर्ट दाखवून स्टेशनच्या खिडकीवर मिळतं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं.

हमाल मिळत नाहीत. पण 'पॅसेंजर असिस्ट' ही मोफत सेवा आहे. गाडीच्या किमान दोन तास आधी फोनवर किंवा ॲपवर कळवलं की कर्मचारी बॅगा चढवायला, गाडी बदलायला मदत करतात. लहान स्टेशनांवर दिवसभर कर्मचारी नसतो, म्हणून उतरण्याच्या स्टेशनचंही आधीच सांगून ठेवा.

लोकलच्या सवयीने दोन चुका होतात. एक, दार आपोआप उघडेल म्हणून उभं राहणं. बटण दाबावं लागतं. दोन, शेवटच्या क्षणी धावत गाडी पकडणं. सुटायच्या अर्धा ते एक मिनिट आधी दारं बंद होतात, मग गाडी समोर उभी असली तरी कोणी उघडत नाही. आणखी एक : काही लहान स्टेशनांचे फलाट गाडीपेक्षा आखूड असतात, तिथे पुढच्या काही डब्यांचीच दारं उघडतात. घोषणा नीट ऐका, नाहीतर दोन बॅगांसह डबे ओलांडत जावं लागतं.

स्टेशनपासून खेड्यापर्यंतची टॅक्सी मुंबईतूनच ठरवून ठेवा. ॲपवरच्या टॅक्सीवर भरवसा ठेवू नका, खेड्यांकडे त्या बहुधा नसतातच. गावच्या टॅक्सीवाल्यांपैकी बऱ्याच जणांकडे शाळकरी मुलं ने-आण करण्याचं कंत्राट असतं, म्हणून सकाळी आठ ते नऊ आणि दुपारी तीन ते चार या वेळात गाडी मिळणं कठीण. त्या वेळा टाळून गाडी सांगा.

आमच्या हाती तीनच दिवस आहेत. फोटोत दिसतं तसं गाव पाहायचं आहे, पण गर्दी नको. — मुलुंड

फोटोत बहुधा बायबरीची आर्लिंग्टन रो असते, मधाच्या रंगाच्या दगडी घरांची ती ओळ. १३८० च्या सुमारास बांधलेली ही लोकर साठवायची जागा. सतराव्या शतकात तिची विणकरांची घरं झाली. आजही तिथे माणसं राहतात, हे विसरून लोक खिडकीला नाक लावतात. बायबरीला रेल्वे नाही, रस्ता अरुंद आहे. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर गेलात तरच ते गाव वाटतं. मधल्या वेळात बसगाड्यांचा तळ असतो.

आमचा सल्ला : मुक्काम मॉर्टन-इन-मार्शला करा. पॅडिंग्टनहून थेट गाडीने साधारण पावणेदोन तास, म्हणून सगळा भार कारवर पडत नाही. मंगळवारी तिथे बाजार भरतो. तिथून ८०१ नंबरच्या बसने बोर्टन-ऑन-द-वॉटरला जा. नदीवरचे ठेंगणे पूल पाहून झाले की गर्दी तिथेच सोडा आणि पाऊलवाटेने सुमारे दीड मैलावरच्या लोअर स्लॉटरला चालत जा. पुढे मैलभरावर अपर स्लॉटर. दोन्ही महायुद्धांत गेलेले सगळे सैनिक जिवंत परतले अशी मोजकीच गावं इंग्लंडात आहेत, त्यांतलं हे एक. जवळजवळ प्रत्येक गावात दिसणारं युद्धस्मारक इथे का नाही, ते त्यामुळे कळतं.

भारतीय माणसाने पाहावं असं मॉर्टनच्या जवळच सेझिनकोट आहे. १८०५ च्या सुमाराचा हा वाडा इंग्लंडच्या कुरणात चक्क मुघल थाटात उभा आहे. वर तांब्याचा घुमट, आवारात सूर्याचं लहानसं देऊळ आणि पुलावर बसलेले नंदी. ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशातून उभं राहिलेलं हे प्रकरण आहे, हे लक्षात ठेवून पाहावं. बाग आणि घर ठरावीक दिवशीच उघडतात, आणि दोन्हींचे दिवस वेगळे. तारखा पाहून मगच तीन दिवसांचा बेत ठरवा.

कार असेल तर ऑक्सफर्डशरमधलं स्टोक रो हे गावही जोडा. चिल्टर्न टेकड्यांवर पाण्याचे हाल होते, ते ऐकून काशीच्या महाराजांनी तिथे विहीर बांधून दिली. ती १८६४ साली सुरू झाली. रुंदी अवघी ४ फूट, खोली ३६८ फूट, आणि सगळी हाताने खणलेली. वर सोनेरी हत्ती आणि घुमटी. तिच्या देखभालीच्या खर्चासाठी चेरीची बागही लावून दिली होती. बाहेरून पाहायला पैसे पडत नाहीत, आणि तासभर पुरतो.

शेतातून जाणाऱ्या पाऊलवाटांवर कुणीही चालू शकतं असं वाचलं. मालक हाकलत नाही? गाई असतात त्याचं काय? — गोरेगाव

हाकलू शकत नाही. पिवळ्या बाणाची खूण म्हणजे पायी चालण्याचा सार्वजनिक हक्क असलेली वाट. निळा बाण असेल तर त्या वाटेवर घोडा आणि सायकलही चालते. हक्क त्या वाटेपुरताच असतो, शेजारच्या शेतात पथारी पसरायला नाही. घडीचा नकाशा घ्यायचा तर ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी पुठ्ठ्याचा 'एक्सप्लोरर' घ्या. १:२५,००० प्रमाणाचा हा नकाशा एकेक कुंपण दाखवतो, आणि हिरव्या तुटक रेषा म्हणजे या वाटा. गुलाबी पुठ्ठ्याचा १:५०,००० चा असतो, त्यात कुंपणं नाहीत. शेतात नेमकं कुंपणाच्या कुठल्या बाजूने जायचं, इथेच माणूस चुकतो, म्हणून नारिंगीच.

वाट गव्हातून जात असेल तर गोंधळू नका. शेत नांगरलं तरी शेतकऱ्याला ठरावीक दिवसांत वाट पुन्हा मोकळी करून द्यावी लागते, आणि शेताच्या मधून जाणारी वाट निदान एक मीटर रुंद असावी लागते. एकामागोमाग एक चाला. पीक वाचवायच्या भल्या हेतूने कडेकडेने गेलात तर उलट हक्काची वाट सोडून चालल्यासारखं होतं.

कुंपण ओलांडायच्या जागा दोन प्रकारच्या. एक लाकडी फळ्यांची पायरी, तिच्यावर चढून पलीकडे उतरायचं. गुडघे दुखत असतील तर इथेच दिवस संपतो. दुसरं अर्धवर्तुळात झुलणारं फाटक, त्यातून एका वेळी एकच माणूस जातो आणि बाळाची गाडी अडकते. फाटकाचा नियम साधा : उघडं होतं तर उघडं ठेवा, बंद होतं तर बंद करा. उघडं दिसलं म्हणून 'नीट' लावून टाकलं की जनावरांचं पाणी तुटतं.

गाईंबद्दल. आपल्या मनातली शांत गाय थोडी बाजूला ठेवा. वासरं सोबत असली की गाय आक्रमक होते, आणि त्यांना सर्वांत जास्त राग कुत्र्याचा. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका. कळप वाटेवर असेल तर त्याला मोठा वळसा घाला. सोबत कुत्रा असेल तर तो बांधलेलाच असू द्या, पण गाय धावून आली तर दोरी सोडा. कुत्रा पळून जातो, आणि गाय त्याच्या मागे जाते. तरण्या कालवडी कुतूहलाने मागोमाग येतात. पळू नका, वळून दोन्ही हात पसरून शांत उभे राहा.

जमीन फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत चिखलाची. कॅनव्हासचे बूट तासाभरात निकामी होतात. मे ते सप्टेंबर पाय झाकणारी पँट घाला. काटेरी नेटल लागली की तासभर आग होते, आणि गवतातून गोचीड चढते. फिरून आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, मुलांच्या केसांत पाहा. गोचीड असेल तर बारीक चिमट्याने कातडीला लागून पकडा आणि सरळ वर ओढा. पिळू नका, तेल-तूप लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल डाग दिसला तर डॉक्टरांना दाखवा आणि गोचीड लागली होती हे आवर्जून सांगा.

आम्ही पूर्ण शाकाहारी. खेड्यात जेवायची सोय एकाच पबमध्ये. निभेल का? — गिरगाव

निभेल, पण घड्याळ सांभाळावं लागेल. दारू रात्री उशिरापर्यंत मिळते, स्वयंपाकघर मात्र साधारण बारा ते दोन-अडीच आणि सहा ते नऊ एवढंच चालू असतं. अनेक ठिकाणी सोमवारी बंद. तीन वाजता पोहोचलेल्यांना वेफर्सच्या पुडीवर भागवावं लागतं. रविवारी दुपारी रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण असतं, आधी टेबल राखून ठेवलं नसेल तर बसायला मिळत नाही.

वेटर टेबलाशी येईल म्हणून बसून राहू नका. टेबलाचा नंबर पाहा, बारवर जाऊन सांगा आणि पैसे द्या. पिण्याचं साधं पाणी मागितलं तर त्यांना ते फुकट द्यावंच लागतं. मुलांना घेऊन जायला हरकत नसते.

'शाकाहारी आहे का?' एवढंच विचारणं पुरत नाही. नेमकं विचारा : तळणाला गोमांसाची चरबी वापरता का? यॉर्कशरकडे बटाट्याच्या काचऱ्या त्यातच तळण्याची पद्धत अजून आहे. भाजलेल्या बटाट्यांना कुठली चरबी लावली? ग्रेव्ही मांसाच्या रसाची आहे का? वूस्टरशर सॉसमध्ये मासा असतो. पारंपरिक पुडिंगात सूएट, म्हणजे चरबी, असू शकते. गोडाच्या जेलीत जिलेटिन. यॉर्कशर पुडिंगात अंडं. १४ प्रकारच्या ॲलर्जीजनक पदार्थांची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे, पण गोमांस किंवा जिलेटिन त्या यादीत नाही, म्हणून त्या तक्त्यावर विसंबू नका. चीज, पाव, लोणचं यांचं 'प्लाउमन्स लंच' आणि बीन्स घातलेला सालासकट भाजलेला बटाटा ही दोन नावं लक्षात ठेवली की उपाशी राहायची वेळ येत नाही. चीजसुद्धा काटेकोर शाकाहाऱ्याने विचारूनच घ्यावं, त्यात वासराच्या जठरातलं, दूध फाडायला वापरतात ते रेनेट असू शकतं.

सुनेसाठी साजूक तूप, पेढे, मिक्सर आणि कुकर न्यायचा विचार आहे. — विलेपार्ले

तूप आणि पेढे घरीच ठेवा. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत; तूप, खवा, श्रीखंडाची वडी, पनीर सगळं त्यात आलं. विमानतळावर काढून घेतात. तूप तिथल्या सुपरमार्केटात मिळतं. गोडा मसाला, मेतकूट, पोहे, पापड न्या. ताजी फळं-भाज्या नेण्याच्या भानगडीत पडू नका.

मिक्सर चालेल, वीज इथल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. पिन मात्र वेगळी, तीन चौकोनी पात्यांची. चांगलं ॲडॅप्टर घ्या, आणि प्रत्येक सॉकेटचं स्वतःचं बटण लावायला विसरू नका. कुकरचा तळ सपाट आणि चुंबकाला चिकटणारा हवा. शेगडी इंडक्शनची असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. फोडणी करताना पंखा आधी सुरू करा आणि मधलं दार लावा, नाहीतर धुराचा अलार्म पूर्ण आळी जागी करतो.

नात लहान आहे. सहा महिने राहून तिला सांभाळावं, असं मुलगा म्हणतो. व्हिजा मिळेल का? — कांदिवली

व्हिजिटर व्हिजावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही, आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. कामाची मुभा नाही. आजीने नातीकडे पाहणं हे काम नव्हे, पण भेटीचा मुख्य हेतू भेटच असला पाहिजे. 'पाळणाघराचे पैसे वाचवायला येते आहे', असं तिथल्या अधिकाऱ्याला सांगणं शहाणपणाचं नाही, आणि खरोखर तसंच असेल तर तो व्हिजाच चुकीचा ठरतो.

मुलाने खेड्यात भाड्याचं घर पाहिलं आहे. एजंट म्हणाला 'ऑइल हीटिंग आणि सेप्टिक टँक आहे'. काळजीचं काही? — बोरिवली

काळजीचं नाही, पण सही करण्यापूर्वी विचारायचं बरंच आहे.

अनेक खेड्यांत गॅसची वाहिनी नसते. घराबाहेर मोठी टाकी असते आणि त्यातल्या केरोसिनवर बॉयलर चालतो. तेलाचा टँकर एकावेळी सहसा ५०० लिटरपेक्षा कमी देत नाही, म्हणजे एकदम मोठी रक्कम. थंडीत मागणी वाढली की नंबर लागायला आठवडे जातात. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये. तळाचा गाळ नळीत ओढला जातो, नळीत हवा शिरते, मग तेल भरलं तरी बॉयलर पेटत नाही आणि तंत्रज्ञ येईपर्यंत घर थंड. पाव टाकी उरली की मागणी नोंदवायची. अनेक गावांत लोक एकत्र मागणी नोंदवतात, त्याने दर कमी पडतो. गावात तशी मंडळी आहेत का ते शेजारी सांगतील. घर ताब्यात घेताना टाकीचा काटा फोटोत टिपून ठेवा, आधीच्या तेलाचे पैसे कुणी द्यायचे ते लेखी ठरवा.

सेप्टिक टँक म्हणजे मैला घराच्या आवारातच मुरतो. साधारण वर्षातून एकदा उपसावा लागतो. खर्च मालकाचा की भाडेकरूचा, हे करारात लिहून घ्या. शौचकुपात ओले टिश्यू (वेट वाइप्स), पॅड, डायपर काहीही टाकायचं नाही. 'फ्लश करता येतात' असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरीही नाही. ब्लीच ओतलं की मैला खाणारे जीवाणू मरतात. तव्याचं, कढईचं तेल कागदाने पुसून ओल्या कचऱ्यात टाका, सिंकमध्ये धुऊ नका. ते नळीत गोठतं. फ्लश केल्यावर पाणी हळू उतरणं, मोरीतून गुडगुड आवाज, अंगणात एकाच जागी हिरवंगार ओलसर गवत, ही तुंबण्याची लक्षणं. टाकीचं पाणी थेट ओढ्यात सोडायला २०२० पासून बंदी आहे, म्हणून ते कुठे जातं हेही विचारा.

तिसरी गोष्ट एजंट सांगत नाही : दमटपणा. जाड दगडी भिंती, ओले कपडे घरात वाळत, कुकरची वाफ, खिडक्या बंद. मग उत्तरेकडच्या भिंतीवर कपाटामागे काळी बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, स्वयंपाक आणि अंघोळीच्या वेळी पंखा लावा, आणि हीटिंग सकाळ-संध्याकाळ झटक्याने न चालवता मंद पण सलग चालू ठेवा. कडाक्याच्या थंडीत बॉयलर बंद पडला तर आधी बाहेर जाणारी प्लॅस्टिकची नळी पाहा. तिच्यातलं पाणी गोठलेलं असतं. नळीवर कोमट पाणी ओता, उकळतं नव्हे, आणि मग बॉयलर पुन्हा सुरू करा.

घराचा ऊर्जेचा दाखला मागा. ए ते जी अशी श्रेणी असते, ए सर्वांत चांगली. काही अपवाद सोडले तर भाड्याचं घर ई किंवा त्याहून चांगलं लागतं. वार्षिक भाडं ५०,००० पौंडांच्या खाली असेल तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. एजंट जास्त मागत असेल तर तिथेच थांबा.

आपल्या लायसन्सवर तिथे गाडी चालवता येते का? रस्ते फार चिंचोळे आहेत म्हणतात. — मालाड

येते. वैध भारतीय लायसन्सवर १२ महिने साधी मोटार चालवता येते. गाडी भाड्याने देणारे मात्र लायसन्स निदान एक-दोन वर्षं जुनं हवं आणि क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं हवं म्हणतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी नोंदवा. उतरल्या दिवशी चालवू नका.

एकाच गाडीपुरत्या रुंद रस्त्यावर ठरावीक अंतरावर बाजूला घ्यायच्या जागा असतात. समोरून गाडी आली आणि अशी जागा तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत घ्या. उजव्या हाताला असेल तर आत घुसू नका, तिच्यासमोर थांबा म्हणजे समोरचा आत जाईल. जागा ज्याच्या जवळ, त्याने मागे यायचं. चढावर येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. जाताना हात वर करायला विसरू नका, नाही केला तर गावात लक्षात राहतं. मागे घेण्याचा सराव नसेल तर मुंबईत करून जा, तिथे तीच परीक्षा आहे.

पांढऱ्या गोलावर तिरपी काळी रेघ म्हणजे ताशी ६० मैलांची मर्यादा. ती कमाल आहे. दोन्ही बाजूंनी झुडपं असलेल्या वळणावर ३० सुद्धा जास्त होतात. घोडा दिसला की वेग १० मैलांवर आणा, निदान दोन मीटर अंतर सोडा, हॉर्न नको. पाऊस पडून गेल्यावर ओढ्यातून जाणारा रस्ता दिसला तर नकाशा काही म्हणो, वळा. शेताच्या फाटकासमोर गाडी लावू नका, रिकामं दिसलं तरी. रात्री आठ वाजताही ट्रॅक्टर यायचा असतो.

पायी चालताना पदपथ नसेल तर उजव्या बाजूने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. दिव्यांचे खांब नसतात, म्हणून बॅटरी जवळ ठेवा.

सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब. खेड्यात डॉक्टर किती दूर? — भांडुप

औषधं संपूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी, मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत न्या. कोडीनसारखं तीव्र वेदनाशामक औषध असेल तर नियम आधी पाहा. डॉक्टरांचं क्लिनिक शेजारच्या मोठ्या गावात असतं. २४ तासांपेक्षा जास्त राहणाऱ्याला ते तात्पुरता रुग्ण म्हणून नोंदवू शकतात. सल्ल्याला पैसे नाहीत, पण इंग्लंडात औषधाच्या प्रत्येक बाबीला ९.९० पौंड पडतात. जवळचं औषध दुकान मैलापेक्षा दूर असेल अशा ठिकाणी क्लिनिकच औषधं देऊ शकतं.

रात्री सल्ला हवा तर १११, जिवावर बेतलं तर ९९९. अपघात विभागातले उपचार मोफत, पण रुग्णालयात दाखल केलं की पाहुण्याला सरकारी दराच्या दीडपट बिल येतं. म्हणून प्रवास-विमा हवा, आणि त्यात मधुमेह-रक्तदाब लपवू नका, लपवलं तर दावा फेटाळतात. जुन्या लाल टेलिफोन खोक्यात बऱ्याच गावांनी हृदयाला झटका देणारं यंत्र ठेवलं आहे. पेटीला कुलूप असेल तर आकडा ९९९ वर सांगतात. खोकं कुठे आहे ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

मुलीच्या घराला नंबरच नाही, आणि फोनही लागत नाही! — चेंबूर

खेड्यात अनेक घरांना नुसती नावं असतात, आणि एकाच पिनकोडात अर्धा मैल सामावतो. टॅक्सीवाल्याला पबपासून किंवा चर्चपासूनचं वर्णन द्या. फोनसाठी निघण्यापूर्वी वाय-फाय कॉलिंग चालू करून घ्या. बँकेचा ओटीपी येण्यासाठी भारतीय सिमचं रोमिंग सुरू असावं लागतं, तेही इथूनच.

सून तिथे एकटी पडली आहे. गावात ओळखी कशा होतील? — परळ

नुसत्या 'हॅलो'ने नाही, कामात हात घातला की होतात. गावात पॅरिश कौन्सिल असते, आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळची संस्था. तिच्या सभेला कुणीही बसू शकतं. सूचना बस थांब्याजवळच्या काचेच्या पेटीत लागतात. गावकऱ्यांनीच चालवलेलं दुकान असेल तर तिथे आठवड्याचे दोन तास काम करणारा माणूस नेहमी हवा असतो, आणि महिनाभरात सगळं गाव गल्ल्यावर येऊन जातं. बायकांसाठी विमेन्स इन्स्टिट्यूट, १९१५ पासूनची. महिन्याला सभा होते, केक पुष्कळ.

बागेची हौस असेल तर अलॉटमेंट मागावी. भाज्या लावायला दिलेला हा जमिनीचा तुकडा, पूर्ण असेल तर सुमारे २५० चौरस मीटर. प्रतीक्षायादी असते, आणि एकटीने सुरुवात करायला अर्धाच बरा. गोठलेलं दहिवर मे महिन्याच्या मध्यापर्यंत पडू शकतं, त्याआधी उघड्यावर काही नाजूक लावू नये. मेथी-कोथिंबीर दर तीन आठवड्यांनी थोडीथोडी पेरावी. जूनचे लांब दिवस सुरू झाले की कोथिंबीर फुलावर येते. मिरचीला काचघर लागतं. शेजारच्या तुकड्यावरचे आजोबा सल्ला देतात, ऐकून घ्यावा. माती त्यांना ठाऊक आहे. जत्रेच्या दिवशी स्टॉलला नानकटाई किंवा चिवडा दिला तर पाकिटावर शेंगदाणे, काजू, गहू हे स्पष्ट लिहावं.

डिसेंबरात बर्फ पाहायला जावं का? — घाटकोपर

दक्षिणेकडच्या खेड्यांत बर्फाची खात्री नाही, चिखलाची आहे. चार वाजता अंधार पडतो. २५ डिसेंबरला ट्रेन नसतात, खेड्याकडच्या बस नसतात आणि मोठी दुकानं बंद असतात. २६ तारखेलाही ट्रेन-बसची जवळपास तीच गत. एरवीही रविवारी मोठी सुपरमार्केट सहाच तास उघडी ठेवता येतात. विमान २३ डिसेंबरपर्यंत उतरेल असं पाहा, आणि त्याच संध्याकाळी मुलाबरोबर जाऊन चार दिवसांचं दूध, पीठ, भाजी भरून ठेवा.